‘हॅझर्ड’ : फाशापासून फ्लड इन्शुरन्सपर्यंत

आपल्यापैकी बरीच मंडळी संगणकाच्या व्यवसायात आहेत. तेव्हा पुढील प्रश्न प्रत्येकाच्या कानावर कधी ना कधी पडलाच असेल : ‘हे काम साधारण केव्हा संपेल? वुड यू केअर टु हॅझर्ड अ गेस?’ भारतातून नुकताच आलेला मुलगा सरळ मनाने एक तारीख सांगून मोकळा होतो. दोन दिवसांनी तीच तारीख वेळापत्रकात ठळक अक्षरांत छापून येते आणि बिचाऱ्याचे पुढचे सहा शनिवार-रविवार ऑफिसात जातात. मॅनेजरने अंदाज मागितला होता, याने वचन दिले!

या छोट्याशा क्रियापदाकडे जरा निरखून पाहावे असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. ‘आरोग्य आणि अर्थ’ या सदरात भाषेचा तास कशाला, असे कुणी विचारील. पण गंमत अशी, की हा एकच शब्द डॉक्टरच्या खोलीत, इन्शुरन्सच्या कागदात आणि घराच्या कर्जाच्या हिशेबात आपल्याला भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो. तो नीट कळला नाही तर कुठे उगाच घाबरगुंडी उडते, कुठे हजारो डॉलर्स जातात.

शाळेत आपण ‘हॅझर्ड म्हणजे धोका’ असे पाठ केले. ते झाले नाम. क्रियापद म्हणून त्याचा मूळ अर्थ ‘पणाला लावणे’. कुणी जिवावर उदार होऊन दुसऱ्याला वाचवले तर जुन्या इंग्रजीत त्याने आपला जीव ‘हॅझर्ड’ केला असे म्हणत. आज हा वापर पुस्तकी झाला आहे आणि बोलण्यात उरले आहे ते मुख्यतः ‘हॅझर्ड अ गेस’. अंदाज बांधताना काय पणाला लागते? तर बोलणाऱ्याची पत. ‘मला पुरेशी माहिती नाही, चुकण्याची शक्यता बरीच आहे, पण तुम्ही विचारताच आहात तर बोलून टाकतो’ एवढे सगळे त्या तीन शब्दांत येते. म्हणूनच त्याच्या आधी बहुधा ‘वुड’, ‘माइट’, ‘इफ आय हॅड टु’ अशी नम्रतेची पायपुसणी अंथरलेली असतात.

मराठीत याला नेमका प्रतिशब्द सापडणे कठीण आहे. ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ त्यापेक्षा बेफिकीर, ‘ठोकून देणे’ तर त्याहून वाईट. उलट ‘अदमास घेणे’ किंवा ‘आडाखा बांधणे’ यात थोडे निरीक्षण, थोडा हिशेब गृहीत आहे; ते इंग्रजीतल्या ‘एस्टिमेट’च्या जवळ जातात. ‘हॅझर्ड अ गेस’ या दोहोंच्या मधोमध बसते. ‘चुकलो तर हसू नका, पण मला वाटते...’ असे आपण म्हणतो ना, तेच ते. जी गोष्ट आपल्याला पक्की ठाऊक आहे तिच्यासाठी हे क्रियापद वापरू नये. आणि दुसऱ्याने वापरले तर त्याचे उत्तर पेन्सिलीने लिहून ठेवावे, पेनने नव्हे.

या शब्दाचे मूळ जुगारात आहे. अरबी भाषेतील ‘अझ्-झह्र’ म्हणजे फासा, त्यावरून जुन्या फ्रेंचमधील ‘हसार’ आणि त्यावरून इंग्रजी ‘हॅझर्ड’ अशी वाट बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्लंडमध्ये ‘हॅझर्ड’ नावाचा फाशांचा खेळच होता. चौदाव्या शतकातील चॉसरच्या लिखाणात तो येतो. अमेरिकेतील कॅसिनोत ‘क्रॅप्स’ नावाचा जो आरडाओरड्याचा खेळ चालतो तो याच हॅझर्डचा वंशज. न्यू जर्सीत अटलांटिक सिटीला पहिला कॅसिनो १९७८ साली उघडला. पाहुणे आले की त्यांना तिकडे घेऊन जाणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवायला हरकत नाही. आपणही या बाबतीत मागे नाही. वेदकाळी बेहड्याच्या बियांचे फासे होते आणि ‘पणाला लावणे’ हा आपला वाक्प्रचार द्यूतातूनच आला. धर्मराजाने काय काय ‘हॅझर्ड’ केले ते आपण जाणतोच!

(केंटकी राज्यात हॅझर्ड नावाचे एक गाव आहे. रस्त्यावरची पाटी वाचून गाडी वळवू नये. ऑलिव्हर हॅझर्ड पेरी या आरमारी अधिकाऱ्याच्या नावावरून ते नाव पडले आहे.)

फाशांतूनच पुढे संभाव्यतेचे गणित जन्मले. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांमध्ये जुगाराच्या कोड्यांवर पत्रव्यवहार झाला, तो या शास्त्राचा आरंभ समजतात. फासा चार वेळा टाकला तर एकदा तरी सहा पडण्याची शक्यता किती? साडेएक्कावन्न टक्क्यांहून थोडी अधिक. प्रत्येक वेळी ती फक्त सहात एक असते, पण चार वेळांत अर्ध्याच्या वर जाते. हा हिशेब पुढे घराच्या संदर्भात लागणार आहे, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. आजच्या शास्त्रीय इंग्रजीत ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ हे समानार्थी शब्द नाहीत. आपल्यापैकी अनेकांनी हौसेने विळी इकडे आणली आहे. ती विळी म्हणजे हॅझर्ड. तिच्यात कापण्याची क्षमता आहे, बस्स. घरात रांगते मूल असेल आणि विळी जमिनीवर पाते उघडे ठेवून पडली असेल तर रिस्क मोठी. तीच विळी मिटून वरच्या फळीवर ठेवली तर हॅझर्ड तसाच, रिस्क जवळजवळ शून्य. पहिला शब्द वस्तूबद्दल बोलतो, दुसरा आपल्याबद्दल. वर्तमानपत्रे हा फरक नेमाने विसरतात.

ऑक्टोबर २०१५ मधील बातम्या आठवा. फ्रान्समध्ये लिऑन येथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिने हॉट डॉग, बेकन, सलामी वगैरे प्रक्रिया केलेल्या मांसाला ‘गट १’ मध्ये टाकले. त्याच गटात सिगरेटचा धूर आणि अॅस्बेस्टॉसही असल्याने ‘हॉट डॉग सिगरेटइतकाच घातक’ असे मथळे झळकले. वस्तुतः हा गट पुरावा किती भक्कम आहे एवढेच सांगतो. धोका किती मोठा आहे हे तो सांगत नाही. ऊनसुद्धा गट १ मध्येच आहे! संस्थेचा आकडा असा होता की रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते. अमेरिकेत आयुष्यभरात हा रोग होण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात चार. त्यात १८ टक्के मिळवले की पावणेपाचच्या आसपास. मुलांच्या डब्यात रोज सलामी देऊ नये, हे खरेच. पण वाढदिवसाला खाल्लेल्या पेपरोनी पिझ्झाने झोप उडायचे कारण नाही. जुलै २०२३ मध्ये डाएट सोड्यातील अॅस्पार्टेमला ‘गट २ ब’ मिळाला तेव्हाही हाच गोंधळ झाला. त्याच वेळी दुसऱ्या समितीने जुनी रोजची मर्यादा कायम ठेवली होती : ७० किलो वजनाच्या माणसाने ती ओलांडायला दिवसाला सुमारे ९ ते १४ कॅन प्यावे लागतील.

उलट बाजूही आहे, आणि ती आपली स्वतःची आहे. सुपारी. तंबाखू नसलेली, साधी, निव्वळ सुपारीदेखील २००४ पासून गट १ मध्ये आहे. इथे मात्र हॅझर्डबरोबर रिस्कही मोठी, कारण सुपारी खाणारा ती बहुधा रोज आणि दिवसातून अनेकदा खातो. तोंडाच्या आतील त्वचा ताठ होत जाते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. मंडळाच्या दिवाळीच्या जेवणानंतर वर्षातून एकदा खाल्लेला विडा वेगळा आणि इंडियन स्टोअरमधून आणलेली सुगंधी सुपारी गाडीच्या कप्प्यात ठेवून येता-जाता चघळणे वेगळे. येथील डेंटिस्टच्या फॉर्मवर बहुधा तंबाखूचा प्रश्न असतो. त्याला ‘नाही’ लिहून आपण मोकळे होतो, आणि सुपारी म्हणजे काय हे त्या डॉक्टरला कदाचित माहीतही नसते. तेव्हा आपणहून सांगा. आईवडील भारतातून आले असतील तर त्यांच्याविषयीही सांगा.

वैद्यकीय बातम्यांतील ‘हॅझर्ड रेशो’ हा आणखी एक अवतार. आम्ही इंजिनिअर मंडळी यंत्र बिघडण्याच्या वेगाला ‘हॅझर्ड रेट’ म्हणतो. माणसांच्या बाबतीत तोच हिशेब वापरायची सोयीची रीत डेव्हिड कॉक्स या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९७२ साली दिली. दोन गटांतील वेगांचा भागाकार म्हणजे हॅझर्ड रेशो. लक्षात ठेवायचे ते इतकेच, की हा भागाकार आहे. मूळ आकडे त्यात दिसत नाहीत. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांवरील एक मोठा अभ्यास मध्येच थांबवण्यात आला. रजोनिवृत्तीनंतर दोन संप्रेरकांच्या एकत्रित गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा रेशो १.२६ निघाला. ‘२६ टक्के वाढ’ हा मथळा वाचून असंख्य स्त्रियांनी गोळ्या फेकून दिल्या. मूळ आकडे पाहा : वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे गोळ्या न घेणाऱ्यांत ३०, घेणाऱ्यांत ३८. म्हणजे आठ जास्त. शिवाय अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीत घामाच्या लोटांनी हैराण झालेल्या बाईला तो हिशेब जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. आठ हा आकडा लहान की मोठा, ते ज्या बाईचा प्रश्न आहे तिने आपल्या डॉक्टरशी बोलून ठरवावे. पण निदान दोघांच्या समोर आठ हा आकडा असावा, नुसता सव्वीस नव्हे.

आणि डॉक्टर स्वतःच जेव्हा म्हणतात, ‘इफ आय हॅड टु हॅझर्ड अ गेस...’ तेव्हा? स्कॅनवर काहीतरी दिसले आहे, बायोप्सी व्हायची आहे, वडील मुलाकडे पाहत आहेत आणि मुलगा दुभाषा झाला आहे. अशा वेळी मुलगा हमखास ‘डॉक्टर म्हणतात की अमुक झाले आहे’ असे भाषांतर करतो. डॉक्टर तसे म्हणालेले नसतात. त्यांनी पेन्सिलीने लिहिलेले आपण पेनने गिरवतो, आणि तासाभरात पुणे, नागपूर, बडोदा सगळीकडे फोन जातात. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत : तुमची खात्री किती, आणि कोणत्या तपासणीने नक्की कळेल? आणि काही डॉक्टर अंदाज सांगायला नकार देतात, त्याचा अर्थ ते काही लपवताहेत असा नसतो. एप्रिल २०२१ पासूनच्या नियमामुळे तपासणीचे बहुतेक निष्कर्ष डॉक्टरांनी पाहण्याआधीच आपल्या ऑनलाइन खात्यात दिसू शकतात. ते शुक्रवारी रात्री उघडायचे की सोमवारी डॉक्टरांबरोबर, हे तपासणीच्या आधीच घरात ठरवून ठेवलेले बरे.

इन्शुरन्सवाल्यांचा ‘मॉरल हॅझर्ड’ मी थोडक्यात आटोपतो. यात नीतीअनीतीचा फारसा संबंध नाही. नुकसान दुसरा भरून देणार असेल तर माणूस थोडा सैल वागतो, एवढेच. आपल्या हेल्थ इन्शुरन्समध्ये डिडक्टिबल आणि को-पे असतात ते या कारणाने. १९६०च्या दशकात केनेथ अॅरो आणि मार्क पॉली या अर्थशास्त्रज्ञांत यावर चांगला वाद रंगला होता. पुढे रँड संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात प्रत्यक्ष कुटुंबांवर प्रयोग केला. खिशातून पैसे भरावे लागणारे लोक डॉक्टरकडे कमी गेले आणि बहुतेकांची तब्येत त्यामुळे बिघडली नाही. पण दोन गोष्टी बोचणाऱ्या होत्या : लोकांनी अनावश्यक उपचार टाळले तसेच आवश्यकही टाळले, आणि गरीब व आजारी लोकांत रक्तदाबाचे नियंत्रण सैल झाले. तेव्हा हप्ता वाचवण्यासाठी मोठ्या डिडक्टिबलची योजना जरूर घ्या, पण त्यापायी ब्लडप्रेशरची गोळी एक दिवसाआड घेऊ लागलात तर हिशेब चुकला.

आता घराकडे. कर्जाच्या मासिक पत्रकात ‘हॅझर्ड इन्शुरन्स’ अशी ओळ असते. बँक दर महिन्याला आपल्याकडून पैसे घेऊन बाजूला ठेवते आणि हप्ता भरते. ‘हॅझर्ड’ म्हणजे धोका हे शाळेतले समीकरण डोक्यात असल्याने आपण समजतो की सगळ्या धोक्यांची सोय झाली. तसे नाही. येथील सर्वसाधारण घराच्या पॉलिसीत आग, वारा, गारा, चोरी येतात. पूर आणि भूकंप येत नाहीत.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘आयडा’ वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये गळ्यापर्यंत पाणी आले. घर नदीपासून बरेच लांब. पाणी रस्त्यावरून उतरत आले. भट्टी, वॉटर हीटर, मुलीचा पियानो, पंचवीस वर्षांचे दिवाळी अंक आणि मंडळाच्या गणपतीची सगळी आरास, कारण चतुर्थी अवघ्या नऊ दिवसांवर होती. आरास आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा केली. बाकीचे नुकसान त्यांच्या अंगावर पडले. इन्शुरन्स कंपनीचे पत्र सभ्य भाषेत होते : बाहेरून आत आलेले पाणी म्हणजे पूर, आणि पूर पॉलिसीत नाही. बावीस वर्षे नियमित हप्ते भरणाऱ्या त्या गृहस्थांनी मला ते पत्र दाखवून एकच प्रश्न विचारला, ‘अहो, मग हॅझर्ड म्हणजे काय?’ हा लेख त्या प्रश्नातून निघाला.

पुरासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. १९६८ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेत घराच्या बांधकामासाठी अडीच लाख आणि सामानासाठी एक लाख डॉलर्सपर्यंत संरक्षण मिळते. भाड्याने राहणाऱ्यांनाही सामानापुरती पॉलिसी घेता येते. बेसमेंटच्या बाबतीत मात्र ही योजनाही हात आखडता घेते. भट्टी, वॉटर हीटर, विजेचा बोर्ड यांचे पैसे मिळतात. खाली ठेवलेले सोफे, गालिचे आणि पियानो यांचे नाहीत. गटार किंवा संप पंप तुंबून पाणी आले तर ते तिसरेच प्रकरण. त्यासाठी नेहमीच्या पॉलिसीला थोडे पैसे भरून जोड घ्यावी लागते. एजंटला तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. ‘पाण्याचे नुकसान कव्हर आहे ना?’ असा मोघम प्रश्न विचारलात तर ‘हो’ असे उत्तर येईल, आणि ते फुटलेल्या नळाबद्दल असेल.

सरकारी नकाशावर पुराचा मोठा धोका असलेल्या भागाच्या नावातही ‘हॅझर्ड’ आहे, आणि तिथल्या बहुतेक कर्जांना पुराची पॉलिसी सक्तीची असते. हा भाग ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणाऱ्या पुराच्या हिशेबाने आखलेला आहे. हा शब्दप्रयोग फार फसवा आहे. एकदा पूर येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच अर्थ. आता मघाचा फासा आठवा. तीस वर्षांच्या कर्जात तो तीस वेळा टाकला जातो, आणि एकदा तरी पूर येण्याची शक्यता २६ टक्के होते. चारांत एकाहून किंचित जास्त. नकाशावरील रेषेच्या पलीकडे ती एकदम शून्य होत नाही. पाण्याला नकाशा वाचता येत नाही. आपल्या पत्त्याचा नकाशा सरकारच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. सक्ती नसलेल्या भागात पॉलिसी घ्यावी की नाही हे मी सांगणार नाही. उताराच्या तळाशी असलेले घर आणि टेकडीवरचे घर सारखे नव्हे. बेसमेंटमध्ये काय ठेवले आहे आणि शेजारचा ओढा कुठून जातो हे तुम्हालाच ठाऊक.

मात्र एक तपशील विसरू नका. सरकारी पॉलिसी घेतली की ती साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. घर घेताना कर्जाबरोबरच घेतली तर ही अट नसते. टीव्हीवर वादळाचे चक्र फिरताना दिसल्यावर एजंटला फोन करून उपयोग नाही. अटलांटिकच्या वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. म्हणजे फोन करायचा तो एप्रिलमध्ये, टॅक्सचे कागद टेबलावर पसरलेले असतानाच.